चोल्पोन थिएटरची तिरकी फरशी

९ एप्रिल २००६

सातारकुल बाइके,

थोरले भाऊ असून माझा फोन तुम्ही उचलत नाही, म्हणून लिहितो आहे. स्वतः वाचायचं नसेल तर तामारा वहिनीला वाचून दाखवायला सांगा, पण चुलीत टाकू नका.

आज सकाळी 'चोल्पोन'च्या दर्शनी दालनात पाइप फुटला. फरशीखालून काचेच्या भिंतीकडे जातो तो गरम पाण्याचा जुना पाइप. थिएटर बंद पडून दहा वर्षं झाली, पण वरच्या मजल्यावर बिलियर्डवाले आहेत, त्यांच्यासाठी पाणी चालू ठेवावं लागतं. पाणी लाद्यांच्या सांध्यांतून वर यायला लागलं तसं मी योल्चू प्लंबरला बोलावलं. त्याने पहार घालून एक करडी लादी उचलली, भिंतीला उलटी टेकवली आणि स्वतः खड्ड्यात डोकं घालून पाइप चाचपू लागला. मी लादीकडे बघत होतो. लादीच्या पाठीवर अक्षरं होती.

आधी वाटलं, छिन्नीच्या खुणा असतील. मग चिखल पुसला. वरच्या ओळीत खुदाचं नाव होतं. खाली 'कासिमची मुलगी ओयशा' आणि हिजरी साल. मला अरबी कुराणापुरतंच वाचता येतं, पण एवढं वाचायला फार शिकावं लागत नाही. योल्चू खालून ओरडला, तोही मोठा म्हणून मला बाइकेच म्हणतो, "लादी फुटली नाही ना, बाइके? मग झालं, हीच परत बसेल." त्याला मी काही सांगितलं नाही. त्याच्याकडून शेजारची लादीही उचलून घेतली, पाइपचा बहाणा करून. तिच्याही पाठीवर नाव. कबरीचे दगड होते ते.

बाइके, चौदा वर्षं मी या इमारतीचा राखणदार आहे. जिन्याच्या डाव्या बाजूला, जिथे दुपारी ऊन येतं, तिथे मी रोज नमाजासाठी जानमाज अंथरतो. कबरीवर नमाज पढू नये हे मला लहानपणी कळलं होतं, आणि चौदा वर्षं मी काय केलं? माझ्या नमाजांचं काय झालं असेल ते एक खुदा जाणे. पण त्याहून मोठं दुखणं वेगळंच आहे. ती फरशी आपल्या बाबांनी घातली. गावच्या शाळेत मी सगळ्यांना सांगत फिरायचो की शहरातल्या नव्या थिएटरची फरशी माझ्या बाबांच्या हातची आहे. तेव्हा मी आईजवळ मेंढ्यांमागे होतो. तुम्ही त्यांच्या हाताखाली होता, वीस वर्षांचे.

एवढंच सांगा. बाबांना माहीत होतं का? अक्षरं त्यांना वाचता येत होती. मला अलिफ त्यांनीच शिकवला.

दोन्ही लाद्या मी होत्या तशा पालथ्या बसवून घेतल्या. घरी उलकानशिवाय कुणाशी बोललो नाही.

तुमचा धाकटा,
मादुमार

२३ एप्रिल

बाइके,

तामाराचा फोन आला. म्हणाली, "तो म्हणतो, फरशीला हात लावू नकोस, राहू दे तसंच. का, ते सांगत नाही. मी काय करू मादुमार, सांडशी घालून शब्द बाहेर काढू का त्याच्या तोंडातून?"

बाबांच्या मातीनंतर बारा वर्षांनी तुमचा पहिला निरोप आला, तो हा. म्हणजे बाबांना माहीत होतं, आणि तुम्हालाही. बाबांच्या मातीच्या वेळी तुमच्या तोंडाला दारूचा वास येत होता, मी चार लोकांत बोललो, ते तुम्हाला अजून सलत असेल. सलू दे. पण बाबांच्या पापावर पांघरूण घालायला मला सांगू नका.

हे लिहून दोन दिवस पत्र तसंच ठेवलं. 'पाप' हा शब्द खोडावासा वाटला, खोडला नाही.

मधल्या काळात राजधानीहून एक मुलगी आली आहे, आइजारिक नावाची. जुन्या इमारतींचा अभ्यास करते. नगरपालिका 'चोल्पोन' एका व्यापाऱ्याला विकायला निघाली आहे, त्याला तिथे कपड्यांचा बाजार उभा करायचा आहे. ही म्हणते, इमारत सरकारी वारशाच्या यादीत घातली तर कुणी पाडू शकणार नाही. दिवसभर टेप आणि कॅमेरा घेऊन फिरते. छताखाली मान वर करून इतका वेळ उभी राहते की मला तिच्या मानेची काळजी वाटते. घडी घातलेल्या कागदासारखं हे काँक्रीटचं छत, एवढ्या मोठ्या सभागृहात एकही खांब नाही, आणि इतके भूकंप होऊनही एक चीर नाही, हे तिने मला सांगितलं. मी त्या छतावरून दर हिवाळ्यात बर्फ ओढतो, पण असा विचार कधी केला नव्हता.

तिचा सगळ्यात जास्त जीव फरशीवर आहे. पांढऱ्या मोझेकमधून त्या करड्या लांबट लाद्यांच्या ओळी तिरक्या जातात ना, दाराला जुमानत नाहीत, भिंतीला जुमानत नाहीत, काचेखालून सरळ बाहेर अंगणात निघून जातात. तिने मूळ नकाशा पाहिला आहे. त्यात ओळी सरळ होत्या, दाराकडून सभागृहाकडे. ताश्कंदची वास्तुकार बाई, एम्मा बोरिसोव्ना, हिने काम चालू असताना लाल पेन्सिलीने त्या तिरक्या केल्या. "असं का केलं ते कुठेच लिहिलेलं नाही, बाइके," आइजारिक म्हणाली. "पण या एका फटक्याने इमारत जिवंत झाली. नाहीतर अशी थिएटरं ढिगाने आहेत." ती गुडघ्यावर बसून लादीवरून हात फिरवत होती. मला तिच्याकडे बघवेना.

दुसऱ्या दिवशी मशिदीत जाऊन मी तिथल्या मुल्लांना, जालालिद्दीन मोल्दोंना, सगळं सांगितलं. ते म्हणाले, ही लादी तू उचललेली नाहीस, तुला उचलून दाखवली आहे. आता पाठ फिरवलीस तर जबाब तुला द्यावा लागेल. सगळे दगड उचलायचे, धुवायचे आणि टेकडीवरच्या कबरस्तानात मानाने नेऊन उभे करायचे असं ठरलं. कुठल्या कबरस्तानातून उपटून आणलेत ते आता कोण सांगणार? हे शहर खाणीबरोबर आलेल्या लोकांचं. थिएटरच्या आधी तिथे पडीक माळ होता आणि गाढवं चरायची, याच्यापलीकडे कुणाला आठवत नाही.

उलकानला हे पसंत नाही. ती म्हणते, "सासऱ्यांना पंधरा वर्षं मी चहा दिला. पियाल्यात माशी पडली तर बोटाने काढून उन्हात वाळत ठेवायचे. तो माणूस लोकांच्या कबरी तुडवायला घालील? मोल्दोला कसलं विचारतोस, भावाला जाऊन विचार. गाडीत बस आणि जा." मी म्हटलं, भावाने उत्तर दिलं आहे. ती म्हणाली, "ते उत्तर नव्हतं. ती विनवणी होती. तुला दोन्हींतला फरक कधी कळला?"

शुक्रवारी नमाजानंतर सगळ्यांनी आपापल्या मेलेल्यांसाठी हात वर केले. बाबांचं नाव माझ्या ओठांवर आलं नाही. हात नुसते तोंडावरून फिरवले आणि उठलो.

मादुमार

१५ मे

बाइके,

काल काम झालं. तुम्ही नको म्हणालात, तरी केलं.

पहाटेच्या नमाजानंतर लोक जमले. मला दहा-पंधराजण येतील असं वाटलं होतं, पण अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. ज्यांनी तिथे तिकिटाला रांगा लावल्या, ज्यांची लग्नं तिथल्या ओळखीतून जमली, असे कितीतरी लोक. प्रत्येकाचा चेहरा माझ्यासारखाच, कुणीतरी थोबाडीत मारल्यासारखा. एक म्हातारा सारखं एकच म्हणत होता, "आम्ही इथे सूर्यफुलाच्या बियांची टरफलं थुंकायचो." बायांनी अंगणातच कढई चढवली आणि कणकेचे बोर्सोक तळायला घेतले, मेलेल्यांपर्यंत तेलाचा वास पोचावा म्हणून. कुठले कोण मेलेले, पण उलकानही शेवटी आली आणि कणीक मळायला बसली. माझ्याशी बोलली मात्र नाही.

आइजारिक सकाळीच धावत आली. तिला आदल्या दिवशी कळलं होतं. रडून तिचे डोळे सुजले होते. आधी ती भांडली, मग समोरची गर्दी पाहून मोल्दोंना म्हणाली, "उचलायचेच असतील तर उचला. मी कोण तुम्हाला अडवणारी? पण प्रत्येक लादीवर खडूने आकडा टाकू द्या. कुठली कुठून निघाली, एवढं तरी राहील." मोल्दो काही बोलायच्या आत ती खडू घेऊन दाराजवळच्या ओळीवर आकडे टाकायलाही लागली.

मी म्हटलं, "कबरीच्या दगडावर आकडा? ही माणसं आहेत की मेंढ्या?"

लोकांतून हुंकार आला. मी बादलीतलं फडकं पिळलं आणि तिने टाकलेले आकडे तिच्यासमोर पुसून काढले. ती खडू हातात धरून बघत राहिली. मला तेव्हा फार बरं वाटलं, हे तुम्हाला खरं सांगतो. आयुष्यात एकदा तरी आपण योग्य जागी योग्य बोललो असं वाटलं.

मग पहारी चालल्या. मोझेक फोडला आणि एकेक दगड उलथला. प्रत्येक उलथला की मोल्दो नाव वाचायचे आणि सगळे 'ओमीन' म्हणायचे. बाबांनी सगळ्यांच्या कडा एका मापात कापल्या आहेत, अक्षरं नसलेल्या बाजू घासून गुळगुळीत केल्या आहेत. एकही तुटका नाही, एकही अक्षर दुखावलेलं नाही. एवढं सुबक काम बघून मला अधिकच लाज वाटली. नळाखाली धुऊन, लोकरी नमद्यात गुंडाळून, ट्रकने टेकडीवर नेले. तिथे पोरांनी ते एकामागे एक ओळींत उभे केले, शाळेच्या फोटोत करतात तसे. संध्याकाळी त्यांच्यावर ऊन पडलं होतं. मोल्दोंनी सूरा म्हटली. मी हात वर केले आणि पहिल्यांदा बाबांचं नाव घेतलं. म्हटलं, त्यांनी जे केलं ते मी निस्तरलं आहे, त्यांना माफ कर.

रात्री शांत झोप लागली. तुम्हालाही कळवावं वाटलं.

मादुमार

२४ मे

बाइके,

कुठून सुरुवात करू ते कळत नाही. काल दुपारपासून पाण्याच्या घोटाशिवाय पोटात काही गेलेलं नाही. उलकान दाराशी येऊन उभी राहते आणि परत जाते.

लाद्या निघाल्या तेव्हा योल्चू म्हणाला, जमीन उघडी आहे तोवर पाइप नवा घालून घेऊ. काल दोन मजूर लावून चर खणायला घेतला. सुरुवात जिन्याच्या डाव्या बाजूने केली, माझ्या नमाजाच्या जागेपासून. कमरेएवढं खोल गेल्यावर मजुराने फावडं टाकलं आणि तो उडी मारून वर आला. मी उतरलो. मातीत माणूस होता. डोकं उत्तरेला, उजव्या कुशीवर, तोंड मावळतीकडे, मक्केच्या दिशेला. जसं निजवतात तसं, कुणी हललं नव्हतं, कुणी हलवलं नव्हतं.

मी मोल्दोंना आणायला माणूस पाठवला आणि आइजारिकलाही. चर पुढे सरकला. मोझेक होता तिथे नुसती माती लागली. पुढच्या लादीच्या जागी पुन्हा माणूस, यावेळी लहान, मूल असावं. पुन्हा मोकळी माती. पुन्हा माणूस. तीन झाल्यावर मोल्दो म्हणाले, बस करा. आणि ते होते तिथेच खाली मातीत बसले. त्यांना पाणी द्यावं लागलं.

चुन्याच्या थरात लाद्यांचे ठसे अजून दिसत होते. तिरके. मी जिन्यावर चढलो आणि वरून पाहिलं. बाइके, त्या ओळी तिरक्या नाहीत. त्या उत्तर-दक्षिण आहेत. तिरकी आहे ती इमारत. ती रस्त्याकडे तोंड करून उभी राहिली, आणि फरशी ज्यांची होती त्यांच्याकडे बघून घातली गेली.

बाबांनी दगड कुठून उपटून आणले नव्हते. ते होते तिथेच होते. बाबांनी ते फक्त आडवे केले, ज्याचा त्याच्यावर. सगळा माळ खाली, वर थिएटर, वरती छत, बाहेर जाहिराती, आणि आत प्रत्येकजण आपल्या नावाखाली. छत्तीस वर्षं कुणी एकाला धक्का लागू दिला नाही. आणि मी एका सकाळी गाव गोळा करून सगळे उघडे पाडले. दगड घासून धुतले, माती राहू दिली नाही, टेकडीवर फोटोला उभे करावेत तसे लावले. आकडे टाकत होती त्या पोरीला मी मेंढ्यांवरून सुनावलं.

आइजारिक आपल्या खोलीवर जाऊन सगळे फोटो बाहेर काढून बसली. आज सकाळी आली. वरून सगळ्या लाद्या सारख्याच करड्या, तिला एकही ओळखता आली नाही. मला वाटलं होतं ती आता तरी बोलेल मला. ती म्हणाली, "मी इथे महिनाभर गुडघ्यावर रांगत होते, बाइके. मलाही फक्त रेषा दिसली." मग आम्ही दोघं चराच्या काठावर बसून राहिलो.

व्यापाऱ्याने सौद्यातून अंग काढून घेतलं आहे. कबरींवर बाजार कोण बांधील? म्हणजे इमारत वाचली. हे लिहितानाही हात लाजतो.

आता एकच माणूस जिवंत आहे ज्याने ते दगड तेव्हा उचलले होते. कासिमची ओयशा आणि तिच्या शेजारचा दगड कुठून निघाला ते मला ठाऊक आहे, पण बाकीचे कुठले? ते मूल कुणाचं? जे आठवेल ते सांगा. मला शिव्या द्या, पण फोन उचला.

मादुमार

११ जून

बाइके,

तुमचा फोन ठेवल्यावर उलकानने काय झालं विचारलं, तर मला एका दमात सांगता आलं नाही. आता तीन दिवस झाले. जे ऐकलं ते नीट ऐकलं की नाही, हे लिहून पाहतो आहे. चुकलं असेल तर सांगा.

संगमरवर वेळेवर आला नाही. उद्घाटन पक्षाच्या थोर नेत्याच्या शंभराव्या जयंतीला व्हायलाच हवं होतं. मुकादमाने तिथल्याच माळावर उभे असलेले दगड दाखवले आणि म्हणाला, हे कापा आणि घाला, पण ती अरबी अक्षरं वर दिसली तर सगळ्यांची तुरुंगात रवानगी होईल. बाबा 'हो' म्हणाले. ते नाही म्हणाले असते तर दुसऱ्याने घातले असते, खडी करून. बाबांनी फक्त मुकादमाची सरळ दोरी काढून आपली तिरकी दोरी बांधली. मुकादम आईवरून बोलला. तेवढ्यात ती ताश्कंदची बाई आली. बराच वेळ बघत उभी राहिली, बाबांकडेही बघितलं, आणि म्हणाली, हेच बरं दिसतं, असंच राहू द्या. तिला कळलं होतं की नाही, हे बाबांना शेवटपर्यंत समजलं नाही. मलाही तेच वाटत राहतं. आइजारिकला हे सांगितलं तेव्हा तिने तोंडावर हात ठेवला आणि मग वही काढली, पण लिहिलं काहीच नाही.

दगडांचं तुम्ही म्हणालात, "मला एकही आठवत नाही रे. मी वीस वर्षांचा होतो. मला ती अक्षरं वाचता येत नव्हती. ते जड होते, एवढंच आठवतं." तुम्ही खोटं बोलत नाही हे तुमच्या आवाजावरून कळलं. त्यात लाज होती. लाज वाटायला हवी ती मला.

आणि शेवटी जे म्हणालात ते. मी विचारलं, बाबांनी मला का नाही सांगितलं? मी त्यांच्याच घरात होतो, त्यांच्याच शेजारी नमाजाला उभा राहायचो. तामारा मागून काहीतरी म्हणाली. मग तुम्ही सांगितलंत. "ते म्हणायचे, मादुमारला सांगू नकोस. तो फार देवभोळा आहे. लगेच उचलायला धावेल."

बाइके, त्या वाक्यापुढे मला अजून जाता येत नाही. चालताना, नमाजाआधी वुजूला हातपाय धुताना, जेवताना ते समोर उभं राहतं. आयुष्यभर मला वाटत आलं की दोघा मुलांत बाबांचा माझ्यावर जास्त विश्वास होता. त्यांच्यामागे मी नमाज धरला, तुम्ही बाटली धरली, असं मी मातीच्या वेळी बोललोही. आणि जे जपायचं होतं ते त्यांनी तुमच्याजवळ दिलं. तुम्ही ते छत्तीस वर्षं सांभाळलंत. मी पत्र धाडलं तरी तुम्ही कारण सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर मी मोल्दोंना सांगितलं असतं, आणि मोल्दोंनी उचललेच असते. बाबांना मी चांगला माहीत होतो.

इथलं सांगतो. हाडांवर आम्ही त्याच दिवशी माती ओढली, कुणाला वर काढलं नाही. पुढे काय, यावर मशिदीत चार दिवस वाद झाला. कुणी म्हणालं दगड टेकडीवरच राहू द्या, कुणी म्हणालं थिएटर पाडा आणि कुंपण घाला. मी प्रत्येक वेळी एकच विचारलं, दगड परत आणायचे तर कुठला कुणावर? मोल्दो म्हणाले, एकाचं नाव दुसऱ्यावर उभं करणं ही खोटी साक्ष आहे, ती मी देणार नाही. परवा शुक्रवारी खुतब्याच्या प्रवचनाआधी ते माझ्याजवळ येऊन बसले. हळूच म्हणाले, "मादुमार, उभे करायचेच कशाला? तुझ्या वडिलांनी घातले तसे घालू. नाव खाली. आपण वाचलं नाही तर आपण साक्ष दिली नाही. खालचे काय ते आपसात लावून घेतील." त्यांचे डोळे भरले होते. मशिदीत मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं.

तेव्हा ठरलं आहे. त्याच ओळी, तसेच पालथे, ठसे अजून आहेत. दालनात यापुढे कुणी बुटांनी जाणार नाही. आइजारिक म्हणते, कडेने लाकडी पूल करता येईल, बघणाऱ्यांनी त्यावरून बघावं. छत गळतं तिथे मी दुरुस्ती करतो आहे. खाली माणसं आहेत हे कळल्यापासून मला ते छत पहिल्यांदा छतासारखं वाटतं.

एक काम उरलं आहे. पोरांना हे जमत नाही. काल त्यांनी पहिला दगड आणला, दोघांनी घाई केली आणि त्याचा कोपरा उडाला. बाबांच्या हातून एकाचाही उडाला नव्हता. मी त्यांना घरी पाठवलं.

मी एकट्याने उचलून पाहिला. उचलत नाही. तो दोघांनी दोन टोकांना धरायचा असतो, एकाच वेळी वाकायचं, एकाच वेळी खाली ठेवायचा, आणि ठेवताना कुणी बोलायचं नसतं. हे मला कुणी शिकवलं नाही. तुम्हाला शिकवलं आहे.

तुमचे गुडघे दुखतात हे तामाराने सांगितलं. माझेही दुखतात. सावकाश घालू. हिवाळ्याआधी झालं तरी पुरे, आणि नाही झालं तर पुढच्या वसंतात. आठवत नाही म्हणून यायचं टाळू नका. आठवायला कुणी सांगत नाही. तुम्ही एक टोक धरा.

तुमचा,
मादुमार